वन्यजीव छायाचित्रण सुरू करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळ्यात लांब लेन्स दिसली की अनोळखी माणूस हमखास दोनच गोष्टी विचारतो: "केवढ्याला पडली?" आणि "काही दिसलं का?" त्यापुढचं विचारणारे मात्र खरंच सुरुवात करायच्या तयारीत असतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दुसऱ्या उत्तराशी धागा जुळतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. सुरुवात नेमकी कुठून करू? आधी कॅमेरा घेऊ की आधी जंगल गाठू?

दोन्ही थांबू देत. घराबाहेर पडल्यावर रोज दिसतो असा एक पक्षी किंवा प्राणी निवडा आणि दोन आठवडे फक्त त्याच्याकडे बघा. साळुंकी, खार, सरडा, काहीही चालेल. तो किती वाजता येतो, कुठे बसतो, कशाला बिचकतो, हे वहीत टिपून ठेवा. कंटाळवाणं वाटेल. मलाही वाटलं होतं.

माझी शिकवणी एका खंड्याने घेतली. तळ्याच्या काठावर एक वाकडी फांदी होती. खंड्या तिथे बसायचा, सूर मारायचा, आणि मी शटर दाबेपर्यंत पाण्यावर नुसती वर्तुळं उरायची. रिकाम्या पाण्याचे असे सत्तर-ऐंशी फोटो जमल्यावर कॅमेरा मांडीवर ठेवला आणि बघत बसलो. तेव्हा कुठे दिसायला लागलं. सूर मारण्याआधी तो मान दोन-तीनदा खाली-वर करतो, अंतराचा अंदाज घेतो. मासा मिळाला की बहुतेक वेळा त्याच फांदीवर परततो, मासा फांदीवर आपटतो आणि डोकं आधी घशात जाईल असा फिरवून गिळतो. माशाचं डोकं चोचीबाहेर धरलेलं असेल तर तो स्वतः खाणार नसतो. मादीला किंवा पिल्लाला भरवायला नेणार असतो. एवढं कळल्यावर दुसऱ्या सकाळी फोटो मिळाला, त्याच कॅमेऱ्याने आणि त्याच लेन्सने.

२. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. चालेल का?

चालेल, पण त्याच्याकडून लांबच्या पक्ष्याची अपेक्षा करू नका. बोटांनी पडदा ताणून केलेला डिजिटल झूम म्हणजे फोटो कापणंच असतं. मोबाइलची ताकद उलट्या टोकाला आहे. पानावरची अळी, जाळ्यातला कोळी, गोगलगाय, दगडावर ऊन खात बसलेला सरडा यांच्या तो अगदी जवळ जाऊ शकतो. त्याच्या लहान सेन्सरमुळे (प्रकाश टिपणाऱ्या चकतीमुळे) खोलवर स्पष्टता मिळते, त्यामुळे किड्याबरोबर त्याचा परिसरही दिसतो. मोठ्या कॅमेऱ्याला हे सहजी जमत नाही. दुर्बीण असेल तर तिच्या एका नळीला मोबाइलचा कॅमेरा टेकवून बघा. नीट जुळवायला पाच-दहा मिनिटं जातात, पण ओळख पटवण्यापुरता फोटो नक्की येतो.

३. डीएसएलआर घेऊ की मिररलेस?

डीएसएलआरमध्ये दृश्य आरशातून दिसतं, मिररलेसमध्ये आरसा नसतो, छोट्या पडद्यावर दिसतं. नवीन घ्यायचा असेल तर मिररलेस. कंपन्यांचं नवं काम आता तिकडेच चालू आहे. फोटो उजळ येणार की काळा, ते शटर दाबण्याआधी डोळ्याला लावलेल्या पडद्यावर दिसतं, बहुतेक नव्या कॅमेऱ्यांना प्राण्याचा डोळा ओळखता येतो, आणि आवाज न करता फोटो काढता येतात. पैसे बेताचे असतील तर वापरलेली डीएसएलआर घ्या आणि वाचलेली रक्कम लेन्सवर घाला. त्यात कमीपणा काही नाही.

मूक शटरबद्दल एक सावधगिरी. इलेक्ट्रॉनिक शटर बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं. तेवढ्यात पंख हलले तर ते वाकडे, रबरी दिसतात. बसलेल्या पक्ष्याला मूक शटर, उडत्याला मेकॅनिकल, एवढं लक्षात ठेवा.

४. लेन्स किती मिलिमीटरची लागते?

पक्ष्यांसाठी ४०० च्या आसपास सुरुवात करा. मोठ्या प्राण्यांना ७०-३०० सुद्धा पुरते. लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर दृश्याचा कोन आणखी अरुंद होतो: निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप सेन्सरवर दीडपट, कॅननवर १.६ पट, मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरवर दुप्पट. म्हणजे दीडपटवाल्या कॅमेऱ्यावर ४०० ची लेन्स ६०० सारखी दिसते.

आता थोडं गणित. चोचीपासून शेपटीपर्यंत १७ सेंटिमीटरचा छोटा खंड्या १० मीटरवर बसला आहे. ४०० च्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम ७ मिलिमीटर येते. ६०० घेतली तर १० मिलिमीटर. पण ४०० चीच लेन्स घेऊन तुम्ही ५ मीटरवर पोहोचलात, तर जवळजवळ १४. मोठ्या लेन्सने जे दिलं नसतं ते पाच मीटरने दिलं. तो पाच मीटरचा प्रवास कसा करायचा, ते अकराव्या प्रश्नात आहे.

५. एक्स्टेंडर लावून भागेल का?

एक्स्टेंडर म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायचं, प्रतिमा मोठी करणारं भिंग. १.४ पटीचा एक स्टॉप प्रकाश खातो (म्हणजे उजेड निम्मा), २ पटीचा दोन स्टॉप. एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान. एफ/४ च्या चांगल्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवर १.४ छान चालतो. एफ/६.३ च्या झूमवर तो लावला की एफ/९ होतं, फोकस मंदावतो आणि सकाळ-संध्याकाळी हाल होतात. सुरुवातीला घेऊ नका.

६. कॅमेऱ्यात नेमकी सेटिंग कोणती ठेवू?

मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ. शटरचा वेग (ते सेकंदाचा किती भाग उघडं राहतं) आणि छिद्र (लेन्समधली प्रकाशाची वाट) तुम्ही ठरवा, आयएसओचं (प्रकाशाला किती दाद द्यायची त्याचं) कॅमेऱ्याला बघू दे. छिद्र बहुतेक वेळा लेन्स देईल तेवढं उघडं. मग खरा निर्णय उरतो तो शटरचाच. निवांत बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतं, चरणाऱ्या हरणालाही. धावणाऱ्या प्राण्याला १/१०००, घार किंवा बगळ्यासारख्या मोठ्या पक्ष्याच्या उड्डाणाला १/१६००, आणि छोट्या, फडफड्या पक्ष्याला १/३२०० दिलं तरी कधी कमी पडतं. लेन्समधलं स्थिरीकरण फक्त तुमच्या हाताची थरथर शोषतं. प्राण्याची हालचाल त्याने थांबत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

आणखी एक सवय लावून घ्या. कॅमेरा पिशवीत टाकण्याआधी सेटिंग परत जागेवर आणा. एका संध्याकाळी मी बगळ्यांच्या थव्याचे पॅनिंग (कॅमेरा पक्ष्यांबरोबर फिरवत मंद शटरने फोटो) करत होतो, १/३० वर. दुसऱ्या दिवशी पहाटे मुंगूस तोंडात साप धरून समोरून गेलं. बावीस फोटो काढले. बावीसच्या बावीस फोटोंत तपकिरी रंगाचा एक फराटा आहे.

७. आयएसओ वाढवला की दाणे येतात. किती वाढवू?

लागेल तितका. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बरेच कमी होतात. हललेला फोटो कशानेही सरळ होत नाही. आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि घरी उजळायचा, हा उपाय तर रोगापेक्षा वाईट. सावलीतले दाणे त्यात जास्तच उठून दिसतात. आपल्या कॅमेऱ्याची सहनशक्ती बघायची असेल तर संध्याकाळी एकाच वस्तूचे १६०० पासून १२८०० पर्यंत फोटो काढा आणि नेहमी बघता त्याच आकारात बघा. शंभर टक्के मोठं करून बघितलं की कुठलाही कॅमेरा भिकार वाटतो.

८. पांढरा बगळा पांढराफटक येतो, पिसं दिसतच नाहीत. कावळा मात्र आकाशासमोर काळा ठिक्कर. माझा कॅमेरा बिघडलाय का?

बिघडलेला नाही, भोळा आहे. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या उजेडाचं आहे असं कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर धरून चालतं. गर्द झाडीसमोर छोटासा पांढरा बगळा असेल तर ते झाडीला बघून फोटो उजळतं आणि बगळ्याची पिसं जळतात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मीटरपेक्षा उजळ किंवा काळा करणारी सेटिंग) उणे २/३ ते उणे १ करा. लख्ख आकाशासमोर कावळा असेल तर उलट, अधिक १ ते अधिक २. बगळ्याने अख्खी फ्रेम व्यापली असेल तर मीटर त्याला करडा करू बघतं, तेव्हा पुन्हा अधिककडे जावं लागतं. म्हणून "पांढऱ्याला उणे" असा नियम पाठ करू नका. फ्रेममध्ये जास्त जागा कशाची आहे ते बघा. जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना कॅमेऱ्यात असते, ती चालू ठेवा.

९. फोकस तर डोळ्यावर केला होता, तरी फोटो धूसर का?

धूसर फोटो चार तऱ्हेचे असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. फोटो मोठा करून नीट बघा.

पक्षी धूसर पण त्याच्या मागचं किंवा पुढचं गवत स्पष्ट, असं असेल तर फोकस चुकला. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटर, एफ/६.३ आणि १० मीटर अंतर धरलं, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सगळा मिळून साधारण १० सेंटिमीटरचा असतो. बगळ्याच्या छातीवर फोकस बसला तर डोळा त्या पट्ट्याबाहेर जाऊ शकतो. सतत फोकसचा मोड ठेवा (निकॉन-सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्व्हो). समोर काड्या-पानं असतील तर डोळा ओळखणारी यंत्रणा सरळ काडीला डोळा समजते. तिथे एकच लहान बिंदू निवडून तो स्वतः डोळ्यावर ठेवा. फोकस शटरवरून काढून मागच्या बटणाला जोडला तर दोन्ही कामं सुटी होतात. पहिले आठ दिवस बोटं गोंधळतात, मग हे बटण सोडवत नाही.

सगळ्या फोटोत एकाच दिशेचे फराटे असतील तर कॅमेरा हलला. शरीर स्पष्ट पण डोकं किंवा पंख पुसट असतील तर प्राणी हलला. दोन्हींचं उत्तर सहाव्या प्रश्नात.

आणि कुठेच फराटा नाही, तरी सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं मऊ, तर ती तापलेली हवा. ऊन चढल्यावर जमिनीवरून लहरी उठतात आणि लांबच्या फोटोची माती करतात. गाडीच्या आतली हवा आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फरक असला की खिडकीतसुद्धा हेच होतं. यावर कुठलीही लेन्स उपयोगाची नाही. जवळ जा, नाहीतर सकाळी या. लेन्स खराब निघाली म्हणून दुकानात परत नेलेल्या कितीतरी लेन्सचा गुन्हा एवढाच असतो की त्या दुपारी वापरल्या गेल्या.

१०. उडते पक्षी फ्रेममध्ये येतच नाहीत. काय करू?

मोठ्या, संथ पक्ष्यापासून सुरू करा. बगळा, घार. भिंगरीच्या मागे लागलात तर महिनाभरात कॅमेरा विकाल.

वारा पाठीवर घेऊन उभे राहा. पक्षी उडताना आणि उतरताना शक्यतो वाऱ्याकडे तोंड करतात, म्हणजे तो तुमच्या दिशेने येईल. सूर्यही पाठीशी असेल अशी जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं. झूम थोडा मागे घेऊन पक्षी शोधा, मग पुढे आणा. कोपरं छातीला टेकवा, कमरेतून वळा. पक्षी जवळ येईपर्यंत नुसता पाठलाग करा. शटर सगळ्यात शेवटी. मोकळ्या आकाशासमोर फोकसचं मोठं क्षेत्र चालतं, झाडीसमोर लहान.

बसलेला पक्षी कधी उडणार तेही कळतं. तो पिसं अंगाला घट्ट आवळतो, पुढे झुकतो, आणि पुष्कळदा उडण्याआधी शिटतो. शिटला की बोट तयार ठेवा. ऐकायला विनोदी आहे, पण घारी-गरुडांच्या बाबतीत तर हा माझा सगळ्यात भरवशाचा इशारा.

११. प्राण्याच्या जवळ जायचं कसं? दोन पावलं टाकली की पळतो.

सरळ चालत गेलात तर तुम्ही त्याच्या लेखी शिकारी. तिरकं जा, मध्येच थांबा, खाली बघा, टक लावून बघू नका. उभ्या माणसापेक्षा बसलेला माणूस कमी भीतीदायक असतो आणि रांगणारा त्याहून कमी. सस्तन प्राण्यांसाठी वारा तुमच्या तोंडावर हवा, म्हणजे तुमचा वास त्यांच्याकडे जाणार नाही. दहाव्या उत्तरातल्या वाऱ्याच्या हे नेमकं उलट आहे, गल्लत करू नका.

याहून सरस मार्ग म्हणजे जवळ न जाणं. प्राणी जिथे येणार तिथे आधी जाऊन बसा. पाणवठ्याकडची पायवाट, फळं धरलेलं झाड, चिखलाचा काठ. उजाडण्याआधी लपणात शिरा आणि अंधार पडल्यावर निघा. गाडी हेही उत्तम लपण आहे: इंजिन बंद, खिडकीवर बीन बॅग (लेन्स टेकवायची दाण्यांची उशी), आवाज शून्य. १९०० च्या सुमारास रिचर्ड आणि चेरी केअर्टन हे ब्रिटिश भाऊ पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी बैलाचं कातडं चढवलेल्या पोकळ बैलात शिरून उभे राहत. तुम्हाला बैल लागणार नाही. मळकट रंगाचं कापड आणि चार काठ्या पुरतात.

किती जवळ म्हणजे फार जवळ? तुमच्यामुळे त्याचं वागणं बदललं, की तुम्ही फार जवळ आहात. चरणारं हरीण मान वर करून थिजलं, ही त्याचीच खूण. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, एखादा पक्षी पंख मोडल्याचं सोंग करत जमिनीवर फरपटायला लागला, तर तिथे पिल्लं किंवा अंडी आहेत. आल्या पावली मागे फिरा, आणि पाय कुठे ठेवता ते बघून. मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत हा सभ्यतेचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. हत्तीने कान ताठ पसरले आणि सोंड उचलली, तर फोटो सोडा.

१२. दुपारी फोटो काढूच नयेत का?

ढगाळ असेल तर दिवसभर काढा. कडक उन्हात सावलीतले किडे, बेडूक, पाण्यावरचे चतुर बघा. चतुर उडून बहुधा त्याच काडीवर परततो, सरावाला झकास. बाकी वेळ झोप काढा, पहाटे उठला होतात.

१३. माझे फोटो स्पष्ट असतात, पण सगळे "फांदीवर बसलेला पक्षी" असेच. त्यात जीव कसा येईल?

पहिली गोष्ट, खाली वाका. जमिनीवरच्या पक्ष्याचा फोटो उभ्याने काढला की पाठ दिसते आणि मागे माती. पोटावर झोपून काढा: डोळ्याला डोळा भिडतो आणि मागची जमीन दूर जाऊन विरघळते. गुडघे आणि कोपरं कायम मळलेली असणं हे या छंदात चांगलं लक्षण आहे.

दुसरी, प्राण्याआधी पार्श्वभूमी बघा. एक पाऊल डावीकडे सरकल्याने डोक्यातून उगवलेली फांदी गायब होते. पार्श्वभूमी जितकी लांब तितकी मऊ, म्हणून छिद्राच्या आकड्याशी झगडण्यापेक्षा जागा बदला.

तिसरी मात्र वेळखाऊ आहे. प्राणी काहीतरी करेल तोपर्यंत थांबा. पहिल्या दहा फोटोंनंतर बहुतेक जण पुढच्या पक्ष्याकडे निघतात. थांबलात तर जांभई, आळस, भांडण, पिसं साफ करणं, पिल्लाला चोपणं, सगळं समोर येतं. आणि कधीतरी झूम मागे घेऊन प्राणी फ्रेममध्ये अंगठ्याएवढा ठेवा. धुक्यातल्या अख्ख्या माळावर एक कोल्हा. फक्त चेहरे काढत राहिलात तर तो कोल्हा कुठे राहतो हे कुणाला कळणारच नाही.

१४. रॉ की जेपेग?

रॉ. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून आवळलेला फोटो. जेपेग प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवतं, १४ बिटांचं रॉ १६,३८४. आठव्या प्रश्नातल्या बगळ्याची थोडी जळलेली पिसं रॉमधून पुष्कळदा परत आणता येतात. फाइल मोठी होते आणि लांब बर्स्टमध्ये (सलग फोटोंच्या झडीत) कॅमेरा दमतो, ही त्याची किंमत. फोटो दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. एक डिस्क कधीतरी मरतेच.

१५. घरट्याचे फोटो सोपे असतात म्हणे. काढू का?

सोपे असतात हे खरं, पक्षी तिथे येणारच असतो. म्हणूनच नवख्याने काढू नयेत. त्रास झाला तर काही पक्षी घरटं सोडून देतात. तुमच्या येण्या-जाण्याने गवतात वाट पडते आणि त्या वाटेने मांजर, मुंगूस, साप येतात. आडवी येणारी दोन पानं "फक्त बाजूला" केली की पिल्लांवर थेट ऊन येतं, आणि अंगावर पिसं नसलेलं पिल्लू ते फार वेळ सोसू शकत नाही. अनेक देशांत संरक्षित पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं गुन्हाही आहे.

तुम्हालाही धोका असतो. एरिक हॉस्किंग हे ब्रिटनचे नामवंत पक्षी-छायाचित्रकार. १९३७ साली घुबडाच्या घरट्यापाशी रात्री काम करताना घुबडाने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. ते नवशिके नव्हते.

घराच्या खिडकीशी माणसाला सरावलेल्या पक्ष्याने स्वतःहून घरटं बांधलं, तर गोष्ट वेगळी. आतूनच, पडद्याआडून, फ्लॅशशिवाय, दोन मिनिटं.

१६. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावणं चुकीचं का? आणि खाऊ ठेवणं?

आवाज ऐकून येणारा पक्षी तुम्हाला भेटायला आलेला नसतो. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो भांडायला येतो. विणीच्या दिवसांत खाणं, जोडीदार, पिल्लं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. एकाने एकदा वाजवलं तर कदाचित फार बिघडणार नाही, पण लोकप्रिय जागी रोज दहा जण वाजवतात. मी वाजवत नाही.

खाऊचं उत्तर इतकं सरळ नाही. बागेत पक्ष्यांसाठी पाणी ठेवणं, स्वच्छ दाणे घालणं आणि तिथे फोटो काढणं यात मला वावगं दिसत नाही. भांडी मात्र नियमित घासा, घाणेरड्या भांड्यातून रोग पसरतात. शिकारी प्राण्याला मांस टाकणं किंवा घुबडासाठी जिवंत उंदीर सोडणं हे वेगळं. त्यातून प्राणी माणसाशी अन्न जोडायला शिकतो, आणि पुढे तो वस्तीकडे आला की जीव त्याचाच जातो.

१७. रात्री फ्लॅश वापरू का?

रात्री हिंडणाऱ्या बऱ्याच सस्तन प्राण्यांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो. तो मिळेल तो प्रकाश दुसऱ्यांदा वापरतो. टॉर्चच्या झोतात डोळे चमकतात ते त्याच्यामुळे. अंधाराला सरावलेल्या कुठल्याही डोळ्यावर जवळून फ्लॅश मारणं मला पटत नाही, विशेषतः घुबड, रातवा आणि शिकारीत गुंतलेल्या प्राण्यांवर. काही राखीव जंगलांत तर त्याला बंदीच असते.

इतिहास मात्र फ्लॅशचाच आहे. अमेरिकेच्या जॉर्ज शिरास यांनी रात्री नावेतून आणि प्राण्याच्याच पायाने ओढल्या जाणाऱ्या तारेने फ्लॅश उडवून फोटो घेतले. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने जुलै १९०६ च्या अंकात त्यांतले ७४ छापले. आजचा कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) त्याच तारेचा वंशज, फक्त आता बहुधा तारेच्या जागी सेन्सर असतो आणि फ्लॅशच्या जागी अवरक्त प्रकाश. तुम्हाला रात्रच हवी असेल तर चांदण्यात काळी आकृती, किंवा सूर्यास्तानंतरची वीस मिनिटं आणि मोठा आयएसओ (प्रश्न ७) वापरून बघा.

१८. फोटो टाकताना ठिकाण लिहावं का?

साळुंकीचं लिहा. दुर्मीळ पक्षी, घरटं, गुहा, शिकारीची भीती असलेला प्राणी यांचं लिहू नका. फार तर जिल्ह्यापर्यंत थांबा. आणि नुसतं न लिहून भागत नाही. मोबाइल आणि काही कॅमेरे फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश गुपचूप भरतात. मूळ फाइल कुणाला पाठवण्याआधी ते काढून टाका. मागे दिसणारा ओळखीचा सुळका किंवा मंदिरही पत्ता सांगतं, तेही बघा.

१९. एडिटिंग किती चालतं? एआयने समोरची फांदी काढली तर? आणि प्राणिसंग्रहालयातला फोटो?

उजेड, रंग, कातरणं, दाणे कमी करणं चालतं. जे समोर नव्हतं ते घालणं किंवा होतं ते पुसणं, हे भिंतीवर लावायच्या चित्रात तुमची मर्जी. पण तो फोटो वन्यजीवाची नोंद म्हणून दाखवायचा असेल तर नाही. बऱ्याच स्पर्धा अंतिम फेरीत रॉ फाइल मागतात, आणि फांदी तिथे परत उगवते.

बंदिस्त प्राण्याचा फोटो काढायला काहीच हरकत नाही, सरावासाठी उत्तमच. फक्त तसं लिहा. लपवल्याची किंमत मोठी असते. १९६५ पासून चालू असलेल्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २००९ चा सर्वोच्च पुरस्कार फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला होता. तो लांडगा माणसाळलेला असावा असा निष्कर्ष काढून परीक्षकांनी पुरस्कार परत घेतला. २०१७ चा एक विजेता फोटो पुढच्या वर्षी बाद झाला, कारण त्यातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा असं तज्ज्ञांचं मत पडलं. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. तरी आज ते फोटो लोकांच्या लक्षात आहेत ते याच कारणासाठी.

२०. ड्रोनने काढू का?

वन्यजीवांचे? नको. पक्षी त्याला शिकारी समजतात, कळप उधळतात, आणि बऱ्याच संरक्षित क्षेत्रांत तो उडवायला परवानगी नसते.

२१. पाऊस, धूळ आणि बुरशी यांपासून सामान कसं जपू?

पावसाला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरतं. धुळीत लेन्स बदलू नका. खरा शत्रू बुरशी. दमट हवेत पिशवीत महिनोन्महिने पडलेल्या लेन्सच्या काचेवर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, आणि लेन्स वापरत राहा. थंड खोलीतून दमट बाहेर जाताना काचेवर वाफ धरते. निघण्याआधी कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. घाईत पुसत बसलात तर ती पुन्हा पुन्हा धरते.

२२. जखमी प्राणी किंवा जमिनीवर पडलेलं पिल्लू दिसलं, तर फोटो काढू की मदत करू?

आधी ते खरंच संकटात आहे का ते बघा. अंगावर पिसं असलेलं, टुणटुण उड्या मारणारं, उडता न येणारं पिल्लू बहुधा हरवलेलं नसतं. घरट्यातून बाहेर पडल्यावर बरीच पिल्लं काही दिवस जमिनीवर आणि झुडपात काढतात, आणि आईबाप जवळपासच असतात. तुम्ही शेजारी उभे असेपर्यंत ते भरवायला येणार नाहीत. लांब जा आणि दुर्बिणीने बघा. गवतात एकटं दबून बसलेलं हरणाचं पाडस पण असंच, आईने मुद्दाम ठेवलेलं असतं. उचलू नका.

उघडं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल आणि घरटं हाताला येत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत चुकीची आहे. रक्त, लोंबणारा पंख, मांजराने धरल्याच्या खुणा, जाळ्यात किंवा मांज्यात अडकणं, असं काही असेल तर लांबून एक स्पष्ट फोटो काढा आणि वन विभागाला किंवा प्राणी-बचाव करणाऱ्यांना फोन करा. त्या फोटोवरून कोणती जात, किती लागलं आणि काय सामान घेऊन यायचं, हे त्यांना आधीच कळतं. ते येईपर्यंत गर्दी दूर ठेवा. पाणी पाजू नका. घाबरलेल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकतं. छोटा पक्षी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. शिकारी पक्षी किंवा मोठा प्राणी असेल तर हात लावू नका, तिथेच थांबून येणाऱ्यांना जागा दाखवा.